भिंतीवरचं लिंबू

सिडकोत सुलाबाईला न ओळखणारा माणूस एक तर नवा भाडेकरू असतो, नाहीतर त्याच्या घरात अजून पाळणा हललेला नसतो. आज मिशा राखून बुलेट उडवणारे आणि वर्गणीची पुस्तकं घेऊन दारोदार फिरणारे जे बाप्ये आहेत, त्यांतल्या निम्म्यांना तिने उघडंनागडं करून आपल्या पोटऱ्यांवर पालथं घातलेलं आहे. त्यांनी आकाशपाताळ एक केलं आणि शेवटी दमून तिच्याच मांडीवर झोपले. त्यामुळे तिच्यासमोर कोणी फारशी ऐट करत नाही. बाळ-बाळंतिणीला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, शेक-शेगडी करायची, हे तिचं काम. ती त्याला काम म्हणत नाही, घरं म्हणते. "आज तीन घरं झाली, एक राहिलं," असं सांगते.

नवरा मल्हारी अंबडला कारखान्यात होता. छातीत कळ येऊन तो गेला तेव्हा अश्विन आणि चैताली शाळेत होते. ह्याच घरांच्या जोरावर सुलाबाईने दोघांना शिकवलं, चैतालीला मालेगावला दिली, आणि अश्विन पुढे बापासारखाच अंबडला पाळीवर जायला लागला. तो आता म्हणतो, "आई, बस कर, गुडघे गेले तुझे." पण कुठल्या तरी घरात एक तान्हं मूल आपल्या हातांची वाट बघतंय, हे तिला सकाळी उठल्यावर लागतं. आणि ह्या कामात सगळा मामला विश्वासाचा. लेकरू दुसरीच्या हातात देताना आई काय काय बघते, हे सुलाबाईला पक्कं ठाऊक आहे. कुणा एकीच्या तोंडून "हिच्या हातानं बाधलं" एवढं निघालं, तरी पुढची दारं लागतात.

तिच्या शेजारी मथुराबाई. दोन बैठी घरं, मधे कमरेएवढी भिंत. दोघी सिडकोत राहायला आल्या तेव्हा नळाला पाणी एकाच घरी यायचं आणि उजेड दुसऱ्याच घरी असायचा. मथुराबाईचं माहेर निफाडकडचं, शेतीवाडीचं. सुलाबाईच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. सुरुवातीचा एक महिना मथुराबाईने चहा पाठवला तो काचेच्या वेगळ्या पेल्यातून. मग समाधान जन्माला आला. तो मथुराबाईचा पहिला मुलगा. आणि त्याला न्हाऊ घालायला पंचक्रोशीत सुलाबाईशिवाय कोणी मिळेना. महिनाभरात तो पेला कुठे गेला ते दोघींनाही आठवत नाही.

समाधानच्या वेळची एक गोष्ट मात्र दोघींनाही आठवते. आंघोळ झाली की मथुराबाई मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन बाळावरून उतरायची, दृष्ट काढायची. सुलाबाईचा असल्या कशावर विश्वास नाही. ती पदराला हात पुसत, तोंड फिरवून हसत बसायची. मथुराबाई म्हणायची, "आल्याची, गेल्याची, वाटेच्या वाटसराची, घरच्याची, दारच्याची, शेजारणीची..." आणि पहिल्याच दिवशी ह्या शब्दाला अडखळून ती सुलाबाईकडे बघून फिसकन हसली. "नाय गं बाई. शेजारीण आपली हाय. तिला वगळलं." त्या दिवसापासून ती शेजारणीवरून उडी मारायची. समाधाननंतर दोन मुली झाल्या, तेव्हाही तिने शेजारणीला वगळलं. सुलाबाईला दृष्टीबिष्टीचं काही नव्हतं, पण ती रिकामी राहिलेली जागा ऐकायला तिला बरं वाटायचं.

तर अशा त्या भिंतीवर मांजरं आली.

समाधानची बायको हर्षाली हरसूलची. लग्नानंतर मांडवपरतणीला माहेरी गेली आणि येताना पिशवीतून मांजरीचं पिल्लू घेऊन आली. मथुराबाईने कपाळाला हात लावला, पण नवी सून, बोलायचं कसं? पिल्लाचं नाव राणी. राणीला यथावकाश पिल्लं झाली, इकडेतिकडे गेली, त्यातला एक पिवळा बोका राहिला, त्याचं नाव लाडू. दोघंही मथुराबाईच्या सोफ्यावर लोळायची आणि सुलाबाईला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

मग हर्षालीला दिवस गेले. आधीचं एक तिसऱ्याच महिन्यात हातचं गेलं होतं, त्यामुळे ह्या वेळी मथुराबाई डोळ्यांत तेल घालून होती. डॉक्टर म्हणाले, मांजराची घाण साफ करू नका, हात धुवत जा. मथुराबाईने त्याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला आणि दोन्ही मांजरं घराबाहेर काढली. हर्षाली रडली. मग तोडगा निघाला. दुपारी ती भिंतीवर दूध-पोळीची ताटली ठेवायची. म्हणजे मांजरांचं जेवण मथुराबाईकडचं आणि बाकी सगळं सुलाबाईच्या अंगणात.

आता सुलाबाईच्या अंगणात काय असतं? दोरीवर वाळत घातलेली बाळुती आणि बाजेवर उन्हाला पसरलेली दुपटी. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी ती स्वतः शिवते, कढत पाण्यात धुते, कडक ऊन देते, आणि प्रत्येक नव्या बाळाला पहिल्या आंघोळीला एक देते. ऊन लागलेलं मऊ दुपटं मांजराला दिसल्यावर ते दुसरीकडे कशाला जाईल? राणी निदान हाड म्हटल्यावर उठायची. लाडू जावयासारखा आळस देऊन, एक डोळा उघडून, सुलाबाईला आणखी काय म्हणायचं आहे याची वाट बघायचा. तिने पाणी मारलं, काठी आपटली, बाज आत घेतली. आत घेतली तर ऊन मिळेना. शिवाय तुळशीवृंदावन नसलेल्या त्या अंगणात तिने कोपऱ्यात ओवा आणि बाळंतशेपा लावला होता, तिथली मऊ माती लाडूने आपल्या सोयीसाठी मुक्रर केली.

एक दिवस पवननगरच्या एका घरी बाळाला दुपट्यात गुंडाळताना त्याच्या आईने दोन बोटांनी एक पिवळा केस उचलला. "मावशी, हे काय?" बाळाच्या मानेवर पुरळही होतं. ते उन्हाळ्याचं होतं, सुलाबाईला दिसत होतं. पण पोरगी आत गेली आणि आपला टॉवेल घेऊन आली. "उद्यापासून आमचंच वापरू." रागावली नव्हती, म्हणूनच सुलाबाईला जास्त लागलं. इतक्या वर्षांत तिच्या कपड्याला कोणी बोट लावलं नव्हतं. घरी येऊन तिने सगळी दुपटी पुन्हा भिजत घातली आणि मोरीत बसून लाडूला तिने अशा शिव्या दिल्या, की अश्विन मोबाइलमधून मान काढून बघायला लागला.

"जाऊन सांग ना त्यांना," तो म्हणाला.

"काय सांगू? पोटुशी बाई, माहेरचं जनावर. आधीच घरातून काढलं म्हणून रडली ती. त्यात मी जाऊ नाट लावायला?"

इथे सुलाबाई चुकली, असं मला वाटतं. भिंतीवरून एक हाक मारली असती तर मथुराबाईने दोन्ही मांजरं पोत्यात घालून गोदावरीपार सोडली असती, नाहीतर ताटली तरी हलवली असती. पण तिला भीड पडली. चांगुलपणाने गप्प बसलेल्या माणसाच्या डोक्यात मग आपापले उद्योग सुरू होतात.

चैतालीने मालेगावहून व्हिडिओ पाठवला. मांजरांना लिंबाचा वास सोसत नाही, तिखटाचा तर नाहीच. लिंबाच्या फोडींना लाल तिखट चोळून भिंतीवर ठेवा. लाल पाण्याच्या बाटल्या ठेवा, कुत्रं-मांजर फिरकणार नाही. बाटल्यांचं तर सगळ्या सिडकोला माहीत आहे, गल्लीत फाटकाफाटकाला कुत्र्यांसाठी लाल बाटल्या टांगलेल्या असतात. मथुराबाईच्या फाटकालाही एक होती. सुलाबाईने रंगपंचमीचा उरलेला रंग पाण्यात कालवला, दोन बाटल्या भरल्या. सरबताच्या पिळलेल्या फोडी ठेवलेल्याच होत्या. सकाळी घरांना निघायच्या आधी, गल्ली अजून झोपेत असताना, तिने त्या फोडींना तिखट चोळलं आणि मधल्या भिंतीवर ओळीने मांडल्या, मधे मधे बाटल्या. आणि निघाली. आज दुपटी सुखाने वाळतील म्हणून खुशीत होती बिचारी.

त्या दिवशी अवस होती.

हे तुम्हाआम्हाला हसू येण्यासारखं आहे, पण सुलाबाईच्या घरी वर्ष पौर्णिमांचं चालतं. कुठल्या पौर्णिमेला विहारात काय असतं ते ती झोपेत सांगेल. बुद्धपौर्णिमा पंधरवड्यावर आली म्हणून त्या आठवड्यात तिने पांढरी साडी स्टार्च करायला काढली होती. पौर्णिमा पंधरवड्यावर आली म्हणजे आज अवस, हा साधा हिशेब तिच्या मनाला शिवला नाही, कारण अवसेशी तिला काही काम नव्हतं. मथुराबाईच्या घरात त्या दिवशी लिंबू कापतसुद्धा नाहीत.

लाडू नेहमीप्रमाणे आला. व्हिडिओ त्याने पाहिलेला नव्हता. त्याने भिंतीवर उडी मारली, त्याच्या धक्क्याने एक बाटली आणि दोन फोडी पलीकडे मथुराबाईच्या पायरीवर पडल्या. बाटलीचं झाकण सैल होतं. हर्षाली सडा घालायला दार उघडून बाहेर आली तेव्हा उंबऱ्यासमोर लाल पसरलेलं होतं आणि त्यात तिखट फासलेलं कापलेलं लिंबू. ती किंचाळली आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

सुलाबाई दुपारी परतली तेव्हा मथुराबाईच्या घराला कुलूप होतं. पायरी धुतलेली होती. गल्लीतल्या दोघी-तिघी तिला बघून आत गेल्या. आजवर त्या तिला बघून बाहेर यायच्या. भिंतीवर एकही फोड नव्हती. समोरच्या दुकानात बसलेल्या म्हाताऱ्या सहादूने तिला सांगितलं, "हर्षालीला दवाखान्यात नेलं. बीपी लय वाढलं म्हणे. आठवाच महिना." आणि मग, "बाई, भिंतीवर काय ठेवलं होतं तुम्ही?"

तेव्हा तिला उमगलं. ती दुकानाच्या फळीवर बसली.

मुलगी झाली. ऑपरेशन करून. मूठभर जीव, काचेच्या पेटीत ठेवला. संध्याकाळी मथुराबाई कपडे न्यायला घरी आली, तेव्हा सुलाबाई भिंतीजवळ उभीच होती.

"मथुराताई, कशी हाय हर्षाली?"

मथुराबाईने वळून बघितलं. "तुम्हाला काय करायचंय?"

तुम्हाला. सुलाबाईला आजवर ती सुला म्हणायची, लाडात आली की सुले.

"ताई, मांजरांसाठी ठेवलं होतं ते. चैतालीनं व्हिडिओ पाठवला. हे बघा, मोबाइल बघा. दुपट्यांवर बसतात, म्हणून."

"मांजरांसाठी? अन् मला इतक्या दिवसांत एका शब्दानं बोलल्या नाही?"

"हर्षालीला वाईट वाटंल म्हणून..."

"अवसेला ठेवायला सांगितलं होतं का व्हिडिओत?"

"मला अवस कुठं कळती, ताई! तुमच्या फाटकालाही लाल बाटली हायच की."

"आमच्या बाटलीसंगं लिंबू नाय." मथुराबाईचा आवाज फाटला. ती खोटं बोलत नव्हती, नाटक करत नव्हती. ती भ्यालेली होती, आणि एक नातवंड आधीच घालवून बसली होती. "पहाटे, कोणी उठायच्या आत ठेवलं. आमच्याच तोंडाकडं ठेवलं. मी काय समजू?"

सुलाबाईकडे उत्तर होतं, पण ते इतकं साधं होतं की खरं वाटेना. पहाटे, कारण पुढे चार घरं होती. तिकडे तोंड करून, कारण मांजरं तिकडून येतात.

"अन् ते लुगडं द्या माझं," मथुराबाई म्हणाली.

हे लुगडं मथुराबाईनेच चार महिन्यांपूर्वी दिलं होतं. तिच्या सासूचं, नेसून नेसून सायीसारखं झालेलं. "ह्याचं शिव दुपटं माझ्या नातवंडाला," म्हणाली होती. सुलाबाईला दोन क्षण कळलंच नाही की लुगडं परत का मागतेय. मग कळलं. घरातल्या कापडाचा तुकडा ज्याच्या हाती असतो, तो त्यावर काहीही करू शकतो, असं मानणारी माणसं असतात. आणि आपल्याकडे ते कापड राहू नये, असं मथुराबाईला वाटत होतं. सुलाबाईने आत जाऊन दुपटं आणलं. शिवून तयार होतं, काठाला बारीक टाक्यांची नक्षी होती. मथुराबाईने प्लॅस्टिकची पिशवी उघडून धरली. "ह्यात टाका," म्हणाली. हातात घेतलं नाही.

अश्विन पाळीवरून आला आणि सगळं ऐकून उभाच्या उभा पेटला. "कायदा आहे आई. करणी केली म्हणून कोणावर असा आळ घेतला तर गुन्हा आहे. मी आत्ता चौकीत जातो. आणि आपल्याच घरावर आळ का गं? तिसऱ्या घरातल्या जोशीकाकूंनी लिंबू ठेवलं असतं तर मथुराबाई काय म्हणाल्या असत्या? सरबत सांडलं म्हणाल्या असत्या!"

तो खरं तेच बोलत होता. तो काचेचा पेला तिला एवढ्या वर्षांनी लख्ख आठवला, त्याच्या बुडाला एक हिरवा बुडबुडा होता. पण ती म्हणाली, "लेकरू पेटीत हाय. त्याच्या दारात मी पोलीस नाय आणायची." आणि मग, त्याच्याकडे न बघता, "अन् पोरगी भ्याली तर होतीच ना रे. मी ठेवलं म्हणूनच भ्याली." डॉक्टरांनी समाधानला सांगितलं होतं की बीपी आधीपासूनच चढत होतं. हे समाधानने अश्विनला सांगितलं आणि अश्विनने आईला. सुलाबाईने ते ऐकलं, पण पायरीवर किंचाळून बसलेली हर्षाली तिच्या डोळ्यांपुढून हलेना. न बघितलेलीच गोष्ट, पण तीच सारखी दिसायची.

घरं गळायला लागली. कोणी भांडलं नाही. पवननगरवालीने सांगितलं, आता आम्हीच घालू आंघोळ. उत्तमनगरची एक पुढच्या आठवड्यात बाळंत होणार होती, तिच्या सासूने फोन उचलणं बंद केलं. एका घरात तर नवी आई हसून म्हणाली, "मावशी, आमचा नाही हो विश्वास, पण आमच्या आत्याबाई आल्यात ना..." सुलाबाईही हसली आणि पिशवी घेऊन निघाली. बुद्धपौर्णिमेला ती पांढरी साडी नेसून विहारात गेली, तिथे बायकांनी तिची बाजू घेऊन मथुराबाईला नावं ठेवली. तेही तिला ऐकवलं नाही.

एका सकाळी ती मागच्या बोळात कचरा टाकायला गेली, तर मथुराबाईच्या मागच्या दाराशी, फुटक्या कुंडीच्या आडोशाला, राणी झोपलेली होती. अंगाखाली ते दुपटं. फेकून दिलेलं, मातीत पडलेलं, नक्षीचा काठ वर आलेला. ज्या दुपट्यांसाठी एवढं रामायण झालं, त्यातलं सगळ्यात चांगलं शेवटी मांजराच्याच वाट्याला आलं होतं. सुलाबाई तिथेच उकिडवी बसली आणि पहिल्यांदा रडली. राणीने डोळे उघडून बघितलं आणि परत मिटले. सुलाबाईने दुपटं उचललं नाही, पण थोड्या वेळाने ती घरी गेली तेव्हा राणी दुपटं तिथेच टाकून तिच्या मागोमाग आली, आणि मग सुलाबाई परत जाऊन ते घेऊन आली. धुतलं, वाळवलं, बाजेच्या एका कोपऱ्यावर घातलं. ते आता कुठल्या बाळाच्या कामाचं नव्हतं. राणीने ते आपलं मानलं.

हर्षाली मुलीला घेऊन घरी आली. मुलीने बाळसं धरलं होतं, डॉक्टरांनी मालिशला हरकत नाही म्हणून सांगितलं. मथुराबाईने पंचवटीहून एक बाई आणली. भिंतीपलीकडून रोज सकाळी बाळाचं रडणं यायचं. आंघोळीला सगळीच बाळं रडतात, त्यात नवल काही नाही. पण सुलाबाई त्या वेळी अंगणात बसून राहायची, हात मांडीवर टाकून. रिकामे हात कुठे ठेवायचे ते तिला सुचायचं नाही. पंचवटीच्या बाईच्या घरी लग्न निघालं, ती यायची बंद झाली. दोन दिवस मथुराबाईने स्वतःच घातलं, पण तिचे हात थरथरायचे. तिसऱ्या दिवशी आतून हर्षालीचा आवाज भिंतीवरून स्पष्ट आला.

"मला मावशीच पाहिजे. मी लिंबाला भ्याले होते, मावशीला नाही. माझी मांजरं, माझी ताटली. मग मला पण काढा घराबाहेर!"

थोड्या वेळाने समाधान भिंतीशी आला. मान खाली. "मावशी, येता का?"

सुलाबाईला वाटलं होतं की बोलावणं आलं तर आपण मानाने नाही म्हणू. अश्विनला तसा शब्दही दिला होता. ती उठली, हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, नखं बघितली, आणि गेली.

न्हाणीत पाट मांडलेला होता. ती पाय पसरून बसली आणि हर्षालीने मुलीला तिच्या पोटऱ्यांवर ठेवलं. केवढीशी! पण कानाची ठेवण थेट समाधानची. सुलाबाईने तेलाचा हात पाठीवरून फिरवला आणि ती एवढीशी पाठ तिच्या तळव्याखाली सैल होत गेली. मुलगी रडली, मग कुरकुरली, मग पाण्याची धार पाठीवर पडल्यावर गप्प झाली. महिनाभर जे छातीत अडकून बसलं होतं ते सुलाबाईला सुटल्यासारखं वाटलं. "बघ कशी बया बघतीय," ती म्हणाली, आणि हर्षाली हसली. मथुराबाई दारात उभी होती. ती हसली नाही, पण तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलं होतं. आता हाक मारील, सुला म्हणेल, असं सुलाबाईला वाटून गेलं.

मुलीला नव्या टॉवेलात गुंडाळलं. घमेल्यात निखारे ठेवले होते. मथुराबाईने मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या आणि नातीवरून उतरायला लागली. सुलाबाई सवयीने पदराला हात पुसत बाजूला झाली, तोंड जरा फिरवलं, आणि ऐकायला लागली.

"आल्याची, गेल्याची, वाटेच्या वाटसराची, घरच्याची, दारच्याची," मथुराबाई म्हणाली. मग किंचित थांबली. नजर वर न करता, हळू, पण स्वच्छ ऐकू येईल असं म्हणाली, "शेजारणीची."

मोहऱ्या निखाऱ्यांवर तडतडल्या. हर्षालीला काही कळलं नाही. ह्या घरात हा शब्द कधी म्हणत नव्हते, हे तिला माहीत नव्हतं. समाधानलाही माहीत नव्हतं. ते माहीत असलेल्या दोघीच होत्या, आणि दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

सुलाबाईने आपली तेलाची वाटी पिशवीत घातली. पिशवीचा बंद बांधला.

"मावशी, उद्या येणार ना?" हर्षालीने विचारलं.

सुलाबाईने मुलीकडे बघितलं. ती झोपली होती, तोंड अर्धवट उघडं.

"येईन की," ती म्हणाली. "रोज येईन. फक्त मथुराताई, एक करा. उद्यापासून मोहऱ्या मी गेल्यावर उतरा. मी फाटकाबाहेर पडले की मग."

मथुराबाईने मान हलवली. एवढंच. तिच्या डोळ्यांत पाणी होतं का धुराने चुरचुरत होतं, ते सुलाबाईने बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती गेली, न्हाऊ घातलं, निघाली. फाटक लावून आपल्या अंगणात आली. बाजेवर राणी त्या दुपट्यात गुंडाळी करून झोपली होती, शेजारी लाडू. तिने दोघांना उठवलं नाही. भिंतीपलीकडे मथुराबाई म्हणायला लागली होती, आल्याची, गेल्याची. मधे ती कमरेएवढी भिंत, सगळं ऐकू येतं. सुलाबाई झपाट्याने मोरीकडे गेली आणि पुढचा शब्द यायच्या आत तिने नळ पूर्ण सोडला. बादली भरली, वाहायला लागली, तरी तिने तो बराच वेळ बंद केला नाही.